संमेलनातले एक सत्र चित्रकथीला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन बेळगावकडून सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जाऊन आले. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, मग कुडाळच्या अलीकडे पिंगुळीचे गुढीपूर. आंबोलीत चहाला थांबूनही दुपारच्या आत पोचलो. मराठी शाळेत इतकी वर्षे शिकवताना मुलांना लोककलांची नावे पाठ करून घेतली, पण एकदाही त्यांना इथे आणले नाही, याचे फार वाईट वाटले.

गुढीपूर ही ठाकर आदिवासी कलावंतांची वस्ती. चित्रे दाखवत गोष्ट गाऊन सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ या कला इथल्या घरांत बापाकडून मुलाकडे आल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता, देवळांत खेळ व्हायचे. पुढे तो आधार सुटला. अशा काळात परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रकथीची पोथी बांधलेली नसते. सुटी चित्रे, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. मोठ्या डोळ्यांची, टोकदार नाकांची माणसे. सांगणारा एक चित्र समोर उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीवर रामायणातला प्रसंग गातो, मध्येच गाणे थांबवून बोलतो आणि चित्र उलटतो. त्या उलटण्यात सगळी गंमत आहे. माझी सात वर्षांची नात सतरंजीवरून पुढे पुढे सरकत पार चित्राजवळ जाऊन बसली. "आज्जी, मग पुढं काय झालं गे?" हे तिने किती वेळा विचारले! घरी हातातला मोबाईल काढून घ्यावा लागतो तिच्या. आमच्यानंतर आलेली काही मंडळी मात्र उभ्या उभ्या फोटो काढून दहा मिनिटांत निघून गेली. गोष्ट अर्धीच राहिली. ते पाहून जीव कळवळला. ऐकणारा बसलाच नाही, तर ही कला सांगायची कुणाला?

यासाठीच हे पत्र. आपल्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत लोक वर्गणी काढून, राबून मराठी साहित्य संमेलने भरवतात. त्यात कथाकथन असते, कविसंमेलन असते. चित्रकथी हेही कथाकथनच, आणि फार जुने. एका संमेलनाने तरी एक पूर्ण सत्र पिंगुळीच्या कलावंतांना द्यावे. शेवटी वेळ उरला तर पंधरा मिनिटे, असे नको. एक आख्यान सलग पुरे होईल एवढा वेळ हवा. चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवण्यापेक्षा शाळेच्या मुलांना पुढे ताडपत्रीवर बसवावे, म्हणजे चित्र उलटताना दिसेल. शाल-श्रीफळ द्यावेच, पण मानधन आणि येण्या-जाण्याचा खर्च आधी ठरवावा.

आणखी एक सुचवते. कर्नाटकातही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे, तोगलु गोंबेयाट. २०२५ साली कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. हा खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात समाजाची घरातली बोली मराठीच्या नात्यातली आहे आणि खेळ मात्र कन्नडमध्ये चालतो. पिंगुळीचा आणि तिकडचा असे दोन्ही खेळ एकाच मांडवात पाहायला मिळाले तर आपल्या मुलांना त्यातून किती कळेल! दोन्ही भाषा कानावर घेऊनच ती वाढतात.

आमच्या गावच्या मंडळींशी मी बोलले आहे. बाकीच्या गावांतल्या संयोजकांपर्यंत आपल्या अंकातून हे पोचावे. संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका अजून छापायला गेलेल्या नाहीत, म्हणून आताच लिहिते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. जि. बेळगाव