जुने गॅस ग्रिल : काटकसर लोखंडात करावी, गॅसच्या वाटेत नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव शहरात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडीकडेही संध्याकाळच्या गाड्यांवर पनीर टिक्का किंवा कोंबडी भाजून देण्याचा व्यवसाय करणारे तरुण आणि महिला बचत गट दिसू लागले आहेत. नवे गॅस ग्रिल परवडत नाही म्हणून यांतील अनेक जण जुने घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. उद्यमबागेतील फौंड्रीत माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या मंडळींची अशी ग्रिल दुरुस्त करून देत आलो, त्या अनुभवावरून सांगतो की पैसे वाचवले जातात ते नको त्या जागी. रंगावर आणि चकचकीत पत्र्यावर हौसेने खर्च होतो, पण चिरा पडलेली रबरी नळी चिकटपट्टी गुंडाळून तशीच चालवली जाते.

वरचा गंज पाहून ग्रिल टाकाऊ समजू नये. बिडाची जाळी जाड असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिली तर ती तांबडी होते खरी, परंतु तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, लगेच आचेवर वाळवून तिला गोडेतेलाचा अगदी पातळ हात दिला आणि धूर निघेपर्यंत तापवले, असे दोन-तीनदा केले की ती बिडाच्या तव्यासारखी काळीभोर होते. घासल्यावर जाळी ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावी, कारण ब्रशची तुटलेली तार घासातून पोटात जाऊन आतड्याला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे बहुधा रंगाचे नसतात, जळून कोळसा झालेल्या तेला-चरबीचे असतात. ते खरवडून काढावेत, आतल्या बाजूने रंग मुळीच देऊ नये.

जाळी मोडलीच असेल, तर बेळगावकरांना घराजवळ फौंड्री आहे. जुन्या जाळीवरूनच साचा घालून नवी ओतून घेता येते. मात्र बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, त्यामुळे जाळी ग्रिलमध्ये जिथे टेकते त्या बैठकीचे माप आधीच सांगून ठेवावे. स्वस्त पडते म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली कुंपणाची जाळी कोणीही अन्नाखाली घालू नये. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याची वाफ अपायकारक असते.

आता गॅसच्या वाटेविषयी. बरेच दिवस पडून राहिलेल्या ग्रिलच्या बर्नरची नळी काढून उजेडाकडे धरली, तर पुष्कळदा आरपार दिसत नाही. आत कोळिष्टके असतात, कधी कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर असते, आणि ते टोकरून पाडले की वाळलेल्या मातीचा चुरा खाली पडतो. अशी अडलेली नळी तशीच पेटवली तर गॅस बर्नरच्या भोकांतून न येता मागे, हवा शिरण्याच्या तोंडाशी पेट घेतो, आणि तेथून चाव्या हातभर अंतरावरही नसतात. बर्नरची भोके तारेने मोकळी करावीत. पितळी जेटचे, म्हणजे बर्नरच्या नळीत गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचे, भोक मात्र सुईने कोरू नये. पितळ मऊ असते, भोक किंचित जरी मोठे झाले तरी गॅस जास्त सुटतो, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. जेट बदलण्याइतका स्वस्त दुसरा भाग नाही. परदेशी बनावटीचे ग्रिल असेल तर ते नैसर्गिक वायूवरचे नाही ना, हे आधी पाहावे. त्याच्या जेटचे भोक मोठे असते आणि त्यातून सिलिंडरचा गॅस सोडणे धोक्याचे आहे.

रबरी नळी नवीच घ्यावी, आयएस ९५७३ ही भारतीय मानकाची खूण पाहून, आणि पाच वर्षांनी बदलावी. रेग्युलेटर ग्रिलच्या दाबाचाच हवा. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर कमी दाबाच्या ग्रिलला लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. व्यवसायासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरण्यास २००० सालच्या एलपीजी आदेशाने मनाई आहे, म्हणून १९ किलोच्या सिलिंडरचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा. सारे जोडल्यावर बर्नरच्या चाव्या बंद ठेवून रेग्युलेटर उघडावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की सांधा गळतो. काडी पेटवून गळती शोधण्याची सवय अजूनही काही ठिकाणी पाहतो आणि जीव धास्तावतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीच्या खालच्या बंद कप्प्यात साचून राहतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके हवेतच.

घरगुती जोडणीची तपासणी वितरकांचे मेकॅनिक करतात, पण गाडीवरचे जुने ग्रिल कोणाकडे दाखवावे हे या व्यावसायिकांना माहीत नसते. आयटीआय आणि गॅस वितरकांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपताच, अशा ग्रिलची तपासणी अल्प शुल्कात करून द्यावी, आणि गळतीच्या वेळी फिरवायचा १९०६ हा क्रमांक व इतर सूचना कन्नडबरोबरच मराठीतही छापून प्रत्येक गाडीवर लावण्यास द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या पत्राने ही मागणी संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, वडगाव, बेळगाव