केराटिनच्या बिलावर बाटलीचं नाव लिहा

मा. संपादक,

केस सरळ करण्याच्या औषधांनी कॅन्सर झाला म्हणून अमेरिकेत कंपन्यांवर हजारो दावे पडलेत, ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्यापासून माझ्या डिचोलीच्या (गोवा) पार्लरमध्ये रोज कोणीतरी विचारतं, "ताई, केराटिन केलं की कॅन्सर होतो काय गो?" मी डॉक्टर नाही, पण या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. सगळे घाबरताहेत, आणि घाबरण्याच्या भरात कामाची गोष्ट बाजूलाच राहते आहे.

तिकडचे दावे मुख्यतः रिलॅक्सर नावाच्या, कुरळे केस सरळ करणाऱ्या क्रीमवरून आहेत. तिथल्या बऱ्याच कृष्णवर्णीय मुली ती लहानपणापासून वापरतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा एक अभ्यास आला. ३३,४९७ बायकांची माहिती जवळपास ११ वर्षं घेतली, त्यांत ३७८ जणींना गर्भाशयाचा कॅन्सर झाला. केस सरळ करणारं काहीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वर्षात चारहून जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघाली. केस रंगवण्याशी मात्र असा संबंध दिसला नाही, तेव्हा डाय लावायला येणाऱ्या काकूंनी या बातमीने तरी झोप उडवून घेऊ नये. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. कंपन्या आरोप नाकारतात, आणि इलिनॉयच्या कोर्टात २०२३ पासून हे दावे एकत्र चालवले जाताहेत.

आमच्याकडे रिलॅक्सर कोण मागत नाही. आमच्याकडे चालतं ते रिबॉण्डिंग, स्मूदनिंग आणि सगळ्यात जास्त केराटिन, सगळे केस सरळ, मऊ करण्याचेच प्रकार. पावसाळी हवेत केस फुगतात, त्यामुळे चतुर्थीच्या आधी गर्दी, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईची गर्दी. केराटिनचं काम कसं चालतं ते आत उभं राहून बघावं. औषध ब्रशने लावायचं, ड्रायरने वाळवायचं आणि मग एकेक बट दोनशे अंशांच्या पुढे तापलेल्या मशीनने दाबत जायची. पहिली बट दाबली की पांढरा धूर उठतो. डोळ्यांतून पाणी येतं, घसा धरतो. एसी चालू म्हणून दार बंद. गिऱ्हाईक टॉवेल तोंडावर धरून बसतं. मशीन धरणाऱ्या मुलीचे दोन्ही हात गुंतलेले, ती बिचारी टॉवेल कशाने धरणार? गिऱ्हाईक वर्षातून एकदोनदा येतं, ही मुलगी हंगामात रोज त्या धुरात असते. तिच्याबद्दल एकाही बातमीत ओळ नाही.

त्या धुरात फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात ठेवलं आहे. बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' छापलं म्हणून निश्चिंत होऊ नका. मिथिलीन ग्लायकॉल असं लिहिलेलं असलं तरी मशीनच्या उष्णतेने त्यातून तोच वायू सुटतो. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०१० मध्ये अशाच 'फ्री' म्हणवणाऱ्या एका नामांकित औषधाचे नमुने तपासले, तर सरासरी आठ टक्क्यांच्या वर फॉर्मल्डिहाइड निघालं. आता बदली म्हणून ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड आलं आहे. त्याचीही एक तऱ्हा ऐका. २६ वर्षांच्या एका बाईला २०२०, २०२१ आणि २०२२ असं तीनदा केस सरळ करून घेतल्यावर किडनीचा त्रास झाला. उलट्या, पाठदुखी, डोक्यावर जखमा. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांना लावून पाहिलं तर त्यांच्या लघवीत ऑक्झलेटचे (मुतखडा बहुधा ज्याचा होतो त्या क्षाराचे) बारीक स्फटिक दिसले. २०२४ मध्ये हे वैद्यकीय मासिकात छापून आलं. डोक्याला जळजळ होऊ लागली की "थोडं सोसा, मग केस छान होतात" म्हणणाऱ्या पार्लरवाल्या माझ्या ओळखीत आहेत. जळजळ झाली की लगेच धुऊन टाकावं.

आता दाव्याचं. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा अशा तिघांकडून भरपाई मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार घालायची असते. पण तिथे पहिला प्रश्न येणार, तुमच्या डोक्याला लावलं काय? बहुतेक जणींकडे याचं उत्तरच नाही. बिल मिळालंच तर त्यावर 'केराटिन' आणि खाली रक्कम. औषध लिटरच्या कॅनमधून साध्या बाटलीत ओतलेलं, लेबल नाही, बॅच नंबर नाही. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा असा नियम आहे. मी एका होलसेलवाल्याकडे तो मागितला तर म्हणतो, "ताई, गिऱ्हाईक केस बघतं, बाटली कोण बघतं?" त्याच्याकडून माल घेणं मी बंद केलं. माझ्या बिलावर आता ब्रँड, बॅच नंबर आणि तारीख असते, आणि सीलबंद बाटली गिऱ्हाइकासमोरच फोडते. तुम्हीही मागा. बाटलीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायला पैसे लागत नाहीत.

पगारावर राबणाऱ्या मुलीने मात्र कोणाकडे जायचं? ती तर ग्राहकही नव्हे. तिच्यासाठी धूर ओढणारा पंखा आणि उघडी खिडकी एवढं तरी मालकिणीने करावं, एसीचं बिल वाढलं तर वाढू दे.

चतुर्थीच्या तोंडावर मिठाई तपासायला आपल्या अन्न व औषध प्रशासनाची माणसं बाजारात फिरतात. त्याच फेरीत सौंदर्यप्रसाधनांच्या होलसेल दुकानांतून केराटिनच्याही चार बाटल्या उचलाव्यात आणि तपासणीचा निकाल ब्रँडच्या नावासकट जाहीर करावा. सुरुवात माझ्या पार्लरपासून केली तरी चालेल.

— एक पार्लरचालक, डिचोली
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. माल पुरवणारे इथलेच आहेत, म्हणून छापू नये ही विनंती.)