पेठेतलं घर राहू दे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

दिवाळीत मी जे बोलले ते मनातून काढून टाका. कोल्हापूरचं मंगळवार पेठेतलं घर विकून शहराबाहेर लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं, हा विषय मीच काढला होता, मीच मिटवते. बाबा, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. खुंटीवरची टोपी घेतलीत आणि तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसलात. मी तुम्हाला काय सोडायला सांगत होते, ते मला कोलकात्याला परत आल्यावर कळलं.

इथल्या आमच्या घरमालकीण काकू बांगाल, म्हणजे पूर्व बंगालमधल्या घराण्यातल्या. फाळणीनंतर त्यांचे वडील भरलं घर टाकून इकडे आले. काका घोटी, मूळचे इकडचेच. फुटबॉलमध्ये काकू ईस्ट बंगाल क्लबच्या, काका मोहन बागानचे. या दोघांची मॅच म्हणजे डर्बी. त्या दिवशी सकाळी काकू इलिश मासा आणतात आणि काका कोळंबी. संध्याकाळी ज्याचा संघ हरेल त्याची मासळी फ्रीजमध्येच राहते. मागच्या डर्बीत काका जिंकले. काकूंनी एक अक्षर न बोलता नारळ खवला, दूध काढलं, कोळंबी रांधली आणि पहिलं ताट काकांपुढे ठेवलं. काकाही मान खाली घालून जेवले. जिंकल्याचा एक शब्द त्यांनी काढला नाही.

आई, मला तूच दिसलीस. शिवाजी तरुण मंडळ आणि पीटीएम, म्हणजे आपली पाटाकडील तालीम, यांची मॅच असली की तू भाकरी एरवीपेक्षा जोरात थापायचीस. तुझं माहेर शिवाजी पेठेतलं. लग्न होऊन पाटाकडील तालमीच्या गल्लीत आलीस त्याला 42 वर्षं झाली, तरी शिवाजीचा विषय निघाला की तुझ्या तोंडून अजून ‘आमचं’ येतं. लहानपणी मला वाटायचं, हे आपल्याच घरात आहे. दोन हजार किलोमीटरवर दुसऱ्या भाषेत तेच बघितलं आणि घशाशी आलं.

इथे प्रत्येकाला 1911 पाठ आहे. मोहन बागानची बहुतेक पोरं अनवाणी खेळली आणि आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना त्यांनी 2-1 ने हरवलं. ती तारीख, 29 जुलै, अजून सणासारखी पाळतात. ईस्ट बंगाल क्लब 1920 चा. पण त्याला खरा अर्थ आला तो 1947 नंतर. ज्यांचं गाव दुसऱ्या देशात गेलं त्यांना त्या लाल-पिवळ्या जर्सीत आपल्या मुलखाचं नाव सापडलं. काकूंचे वडील निर्वासितांच्या वस्तीतून चालत मैदानावर जायचे. खिशात काही नसायचं, पण नव्वद मिनिटं ते कुणाचे आश्रित नसायचे, असं काकू सांगतात. शहर असं घडतं, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजलं.

आपल्याकडे निर्वासितांची गोष्ट नाही, पण तालमी आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं, पेठापेठांतून तालमी घुमू लागल्या. पुढे फुटबॉल आला तेव्हा पोरांनी वेगळे क्लब शोधले नाहीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जिथे बाप लाल मातीत उतरला त्याच तालमीच्या नावाने लेक मैदानात उतरला. देशभर क्रिकेटचं वेड असताना आपलं गाव एप्रिलच्या उन्हात चारच्या मॅचला तीनपासून शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर बसतं. कोल्हापूरचा माणूस भेटला की ‘कुठल्या पेठेचा?’ नंतर लगेच ‘कुठल्या तालमीचा?’ येतंच. 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा इथे ऑफिसात मी सगळ्यांना ओढून टीव्हीपुढे आणलं होतं. तो आमच्या गावचा, एवढंच सांगत सुटले होते.

यातली काळी बाजू मी विसरलेली नाही. मी नववीत असताना मॅचनंतर भिरकावलेला दगड दादाच्या भुवईवर बसला, तीन टाके पडले. बाबा, तुम्ही त्या संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन आपल्याच पोरांना सुनावलं होतंत, कारण पहिला दगड आपल्या बाजूने गेला होता. ईर्षा असावी, हुल्लडबाजी नको, हे तुमचं वाक्य मी अजून धरून आहे. दगड मारणाऱ्याला मी तालमीचा मानत नाही.

कारण हीच माणसं दुसरंही करू शकतात. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या डॉक्टर मुलीवर जे घडलं त्याने शहर पेटून उठलं होतं. 18 तारखेची डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. तरी दोन्ही संघांचे लोक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, त्या मुलीला न्याय मागायला. शंभर वर्षांचं वैर असलेले झेंडे शेजारी-शेजारी होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा लाल-पिवळं कोण आणि हिरवं-मरून कोण, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्या रात्री मला 2019 चा पूर आठवला. शाहूपुरीत अडकलेल्या मावशीला दोन पेठांच्या पोरांनी एका बोटीतून बाहेर काढलं होतं. आठवड्यापूर्वी ती एकमेकांशी बोलतही नव्हती. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाला रोजची गोळी लागते, हे त्यांना विचारावं लागलं नाही. मॅचमुळे, कट्ट्यामुळे त्यांना प्रत्येक दार माहीत होतं.

त्या फ्लॅटमध्ये लिफ्ट असती, पण बाबा दोन दिवस कट्ट्यावर दिसले नाहीत म्हणून दार वाजवणारं कोण असतं?

तेव्हा घर राहू दे. गुडघ्यांचं मात्र ऐकायला लागेल. पलंग खालच्या खोलीत आणू. न्हाणीत धरायला दांडा बसवू, जिन्याला कठडा करू. पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको.

लीगला मी येतेय, रजा टाकली आहे. बाबा, वरच्या पायऱ्या बंद, आपण खालीच बसायचं. आणि आई, यंदा तू पण चल. तू म्हणशील, ‘मी कशाला येतो?’ पण शिवाजी-पीटीएमची मॅच बघूनच मी तिकीट काढलंय. मध्यंतरापर्यंत मी तुझ्याजवळ शिवाजीच्या बाजूला बसेन, नंतर बाबांकडे जाईन. कोल्हापुरी मिरचीचा ठेचा करून ठेव, काकूंना आणायचा आहे.

तुमची,
लेक