छोटूच्या पायाबद्दल, आईकडून

॥ श्री ॥

अमळनेर

चि. भाऊ यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सगळं सांगितलं, पण मागे छोटू रडत होता, सूनबाईला ड्युटीवर निघायचं होतं, तुझ्या डोक्यात त्यातलं किती राहिलं असेल कोण जाणे. म्हणून लिहिते. हे पत्र ड्रेसिंगच्या डब्यातच ठेव. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डोळ्यात थेंब घालायला माझ्याशिवाय घरात कोणी नाही. नाहीतर मी परवाच गाडीत बसून भुसावळला आले असते.

त्याच्या पायाला दोन जखमा आहेत आणि दोन्हींना वेगवेगळं जपावं लागेल. गुडघ्यावर पत्र्याने कापलं तिथे टाके आहेत, आणि खाली नडगीवर रस्त्याला घासून साल निघालंय. टाक्यांच्या जागी कातडीच्या दोन्ही कडा डॉक्टरांनी जुळवून दिल्या आहेत. तिथे पहिले दोन दिवस पाणी लागू द्यायचं नव्हतं, ते काल संपले. आता डॉक्टरांची हरकत नसेल तर अंघोळीत वरून पाणी वाहून गेलेलं चालेल, पण टबात पाय बुडवून बसवू नको. अंघोळ झाली की स्वच्छ सुती कापडाने टिपून घे, घासू नको. आणि भुसावळचा हा उन्हाळा! घामाने पट्टी भिजली की ती लगेच बदलायची, संध्याकाळची वाट बघायची नाही.

नडगीचं मात्र उलटं आहे. "हवा लागू दे, खपली धरू दे" असं तुला शेजारपाजारचे सगळे सांगतील. ते मनावर घेऊ नको. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर लहान लहान जखमा करून पाहिल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावला. पापुद्र्याखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी लवकर आली. कडेच्या पेशी ओलाव्यावरून सरकत सरकत मधे येतात. वर कडक खपली बसली की त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. म्हणून खरचटलेल्या जागी साधी पेट्रोलियम जेली पातळ लाव, वर गॉज ठेव आणि कागदी चिकटपट्टी लाव. ओलसर म्हणजे चिपचिपीत नव्हे, एवढं बघ.

आता ड्रेसिंग. डॉक्टरांनी तापाचं, दुखण्याचं पॅरासिटामॉल छोटूच्या वजनाप्रमाणे लिहून दिलंय, ते ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दे. (ॲस्पिरिनची गोळी लहान मुलाला कधीही द्यायची नाही, घरात पडलेली असली तरी.) पंखा बंद कर, धूळ उडते. स्वच्छ ताटात गॉज, सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी), जेली, कात्री, चिकटपट्टी मांड आणि पट्टीचे तुकडे आधीच कापून ताटाच्या कडेला चिकटवून ठेव. मग साबणाने हात धू, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यात, निदान वीस सेकंद. हात धुतल्यावर मोबाइलला शिवायचं नाही. ड्रेसिंग रूममध्ये इतकी वर्षं काढली, त्यात नवीन पोरींना मी आधी हेच शिकवायचे.

जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढू नको. त्यावर नॉर्मल सलाईन ओत आणि पाच मिनिटं थांब. मेडिकलवर लहान बाटली मिळते. तीही नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालतं. मग एका कोपऱ्यापासून सुरुवात कर. एका हाताने कातडी हलकेच दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने गॉज उभं न उचलता पायाच्या कडेकडेने मागे दुमडत न्यायचं. मधे कुठे अडलं की पुन्हा सलाईन आणि पुन्हा थांबायचं. घाईने ओढलंस तर रात्रभरात आलेला नवा पापुद्रा गॉजबरोबर निघून येईल आणि उद्या तुला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. जखम धुवायला सलाईन किंवा स्वच्छ पाणी पुरेसं आहे. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही भरत्या जखमेवर ओतू नको, जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. जखमेत फेस आला म्हणजे घाण निघाली, असं नसतं.

छोटूला "काहीच दुखणार नाही" असं सांगू नको. एकदा तसं सांगितलंस आणि दुखलं, की दुसऱ्या दिवशी तुझ्या हातातलं ताट बघूनच तो पलंगाखाली जाईल. खरं सांग: "आता थंड लागेल, आता थोडं झोंबेल, दहा म्हणेपर्यंत संपेल." दहा म्हणून झाले की खरंच हात बाजूला घे, काम उरलं असलं तरी. चिकटपट्टीचं एक टोक त्याला स्वतःला सोडवू दे. गॉजचं पाकीट त्याला धरू दे. दवाखान्यात हातपाय झाडणारी पोरं मी पोटाशी धरली आहेत. त्यांच्याशी आपल्या अहिराणीत "दुखस का रे भाऊ? सांग माले" एवढं बोललं तरी ती सैल पडायची, कारण आपलं रडणं कोणीतरी ऐकतंय हे त्यांना कळायचं. त्याला दटावू नको, "मुलगा असून रडतो का" असं तर अजिबात म्हणू नको. रडू दे, फक्त पाय हलणार नाही एवढं धर.

रोज काय दिसलं तर घाबरायचं नाही, ते सांगते. नडगीवर दोन-तीन दिवस पातळ, पिवळसर, पारदर्शक पाणी सुटेल. तो पू नव्हे. नंतर तळ लाल आणि बारीक दाणेदार दिसेल, सोललेल्या डाळिंबासारखा, गॉज लागलं तर टिपूसभर रक्तही येईल. ते भरून येणारं मांस आहे, त्याला खरवडायचं नाही. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना थोडीशी लाली आणि सूज सुरुवातीला असतेच. पण दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वाढलं, लाली पसरली, जागा गरम लागली, घट्ट पू किंवा वास आला, लाल रेघ मांडीकडे चढली, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, किंवा छोटू पाय टेकवेनासाच झाला, तर मला फोन करत बसू नको, थेट डॉक्टरांकडे जा. गुडघ्याच्या आत सांधा आहे, तिथे जंतू गेले तर उशीर परवडत नाही. लालीच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ मारून ठेव. लाली रेघेबाहेर गेली का, हे मग नजरेच्या अंदाजावर सोडावं लागत नाही. रोज सकाळी खिडकीजवळ, त्याच उजेडात फोटो काढ.

तुझ्या सासूबाई हळद लावायचा आग्रह धरतील. त्यांचा मान ठेवून बोल, पण लावू देऊ नको. हळदीत गुण आहे, हे मी नाकारत नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं, तेव्हा आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकर तिचे प्रमुख असताना, हे ज्ञान आमच्याकडे पूर्वापार आहे असं पुराव्यानिशी दाखवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. मला त्याचा अभिमान आहे. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळीचा रंग असू शकतो, आणि सगळं पिवळं झालं की खालची लाली दिसतच नाही. हळद दुधातून द्या म्हणावं. कॉफी, चहाची पूड, टूथपेस्ट, दगडी पाल्याचा रस हे सगळं जखमांवर थापलेलं मी पाहिलंय. ते धुऊन काढताना पोरांना जो त्रास व्हायचा, तो मूळ जखमेपेक्षा जास्त असायचा.

तुझे सासरे रावेरहून केळीचं पान आणतील, त्यांनी ऐकलंय की भाजलेल्यांना ते बांधतात. ऐकलंय ते खरं आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात त्यावर अभ्यास झाला, २००३ मध्ये तो छापूनही आला. पान गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. पण तिथे पानं पट्टीच्या कापडावर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करतात. बागेतून तोडून आणलेल्या पानावर माती असते, फवारणीचं औषध असतं. त्यांना म्हणावं पान जेवायला वाढा, पायाला नको.

खाण्याचं पथ्य पाळू नका. वांगं चालत नाही, डाळीने पू होतो, आंबट नको, हे सगळं चुकीचं आहे. नवं मांस प्रथिनांतूनच तयार होतं. त्याला डाळ दे, अंडं दे, दूध, शेंगदाणे, कळण्याची भाकरी दे. आवळा-लिंबूही दे, सी जीवनसत्त्वाशिवाय जखम नीट सांधत नाही. भरीत मागितलं तर भरीत दे, तिखट बेतानं घाल.

पुढच्या आठवड्यात त्याला खाज सुटेल. भरत्या जखमेला खाज येतेच. नखं आजच काप, झोपताना हातात सुती मोजे घाल आणि खाजेच्या आजूबाजूला थंड ओलं फडकं ठेव. टाके गुडघ्यावर असल्याने लवकर निघणार नाहीत. चेहऱ्यावरचे पाच दिवसांत काढतात, पण गुडघा प्रत्येक पावलाला वाकतो, म्हणून तिथे दहा ते चौदा दिवस. जखम वरून बुजलेली दिसली म्हणून घरी कात्री लावू नको. टाके निघाले तरी आतून ती कच्चीच असते, तीन आठवड्यांनीही मूळ कातडीच्या पाव ताकदीच्या आसपासच असते, आणि पुढे कितीही दिवस गेले तरी पूर्ण पहिल्यासारखी होत नाही. म्हणून आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, इकडे आलात तरी या वर्षी कडुनिंबाचा झोका दुरूनच बघायचा. त्याला आत्ताच सांगून ठेव, ऐन सणाला तोंड पाडायला नको. आमरस मात्र हवा तितका मिळेल. उन्हात जाताना पूर्ण पँट घाल. नव्या कातडीला ऊन लागलं की डाग काळा पडतो आणि लवकर जात नाही. निदान सहा महिने तरी हे सांभाळ.

एक काम राहिलं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, पत्रा गंजका होता की नवा याने फरक पडत नाही. छोटूला पाच पूर्ण झाली आहेत, म्हणजे पाच ते सहा वर्षांतला दुसरा बूस्टर त्याला झाला का, ते लसीकरणाच्या कार्डावर बघ. टाके घातले तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं असेल तर त्याची चिठ्ठीही शोध. दोन्हींचे फोटो आजच मला पाठव. सापडत नसेल तर सूनबाईला विचार, तिने कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं मी पाहिलंय.

तुझी,
आई