आधी गेट तरी एक असू दे

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत श्रीमंत आया, त्यांची मैत्री आणि दडवून ठेवलेल्या भानगडी अशा विषयावरच्या नव्या इंग्रजी कादंबरीवर लेख आला होता. आवडला, पण शेवटी लेखकाने विचारलंय की असं मराठीत कोणी का लिहीत नाही, आपल्याकडे काय श्रीमंत आया नाहीत का, तेवढं जरा खटकलं म्हणून हे पत्र. आया आहेत की हो! संध्याकाळी घोडबंदर रोडला या, एकेका टॉवरखाली घोळक्याने भेटतील. अडचण दुसरीच आहे.

या प्रकारातलं मी नीट वाचलेलं पुस्तक म्हणजे लिआन मोरिआर्टी या ऑस्ट्रेलियन बाईंचं 'बिग लिटल लाइज', २०१४ चं. मी आधी २०१७ ची निकोल किडमनवाली सिरीज बघितली आणि मग पुस्तक वाचलं, उलटं झालं खरं. सिरीजमध्ये सगळं उचलून कॅलिफोर्नियाला मॉन्टेरीत नेलंय, मोठमोठ्या काचा, समुद्र, घरं बघूनच डोळे दिपतात. पुस्तक मात्र ऑस्ट्रेलियातच घडतं, समुद्रकाठच्या पिरिवी नावाच्या काल्पनिक गावात, आणि गंमत म्हणजे ज्या शाळेभोवती सगळं फिरतं ती आहे पिरिवी पब्लिक स्कूल. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटलं की ब्लेझर, घोडेस्वारी आणि लाखात फी असं डोळ्यासमोर येतं, पण तिकडे पब्लिक म्हणजे खरोखरच पब्लिक, सरकारी शाळा. प्रायव्हेट शाळा तिथेही चिक्कार आहेत, पण या गावातल्या पैसेवाल्या आयांची पोरंही याच सरकारी शाळेत जातात.

म्हणून तर कादंबरी घडते ना! जेन ही चोवीस वर्षांची एकटी आई, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, लोकांचे हिशेब लिहून पोट भरते. सेलेस्टचा नवरा गडगंज, ती दिसायला अप्सरा, जुळी पोरं, फेसबुकवर फॅमिलीचे फोटो, आणि घरात तोच नवरा तिला मारतो हे कुणाला माहीत नाही. सेलेस्टची मैत्रीण मॅडलिन, तिचीही मुलगी याच शाळेत, रस्त्यात पाय मुरगळून पडते, जेन तिच्या मदतीला थांबते आणि तिथून मैत्री सुरू होते. मग जेनच्या पाच वर्षांच्या मुलावर आळ येतो की त्याने वर्गातल्या मुलीला इजा केली, आणि काही पालक त्याला शाळेतून काढा म्हणून सह्या गोळा करायला लागतात, पाच वर्षांच्या पोराविरुद्ध! शेवट सांगत नाही, वाचा. पण सांगायचं हे की सेलेस्टसारख्या बाईला जेनसारखी मैत्रीण मिळाली ती शाळेचं गेट एक म्हणून, नाहीतर दोघी एकमेकींना दिसल्या तरी असत्या का?

आणि आपल्याकडे नेमकं हेच गेट वेगळं आहे. जिच्या नवऱ्याचा पगार जेवढा तेवढ्या फीची शाळा, आणि ग्रुपवर सगळ्या तिच्याच माळेचे मणी. सगळ्यांनाच सगळं लपवायचंय, मग गुपित उघडं पडणार कुणासमोर? एक फट होती ती आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा, प्रायव्हेट शाळेत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना. तीही बुजवायला निघालेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेला ही मुलं घ्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला म्हणून बरं.

माझा अनुभव सांगते, शाळेचं नाव नको. मुलगा पहिलीत असताना वर्गाच्या आयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. वर्षभराने कळलं की आरटीईतून आलेल्या चार-पाच मुलांच्या आया त्यात नाहीतच. कोणी मुद्दाम काढलं असंही नाही, घेतलंच नाही इतकंच. मीही काही बोलले नाही हे कबूल करते. मग लॉकडाऊन आला, ह्यांचा पगार निम्म्यावर आला, आणि मी ग्रुपवर टीचर्स डेच्या गिफ्टची वर्गणी सगळ्यात आधी जीपे करत होते, का तर कुणाला शंका नको. त्या अख्ख्या ग्रुपमध्ये एकीलाही मी खरं सांगितलं नाही. सांगितलं कुणाला, तर ब्लाउज शिवायला टाकते तिला, तिचाही मुलगा त्याच वर्गात. शिलाई पुढच्या महिन्यात दिली तर चालेल का विचारताना रडूच आलं मला, आणि ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "बसा, चहा टाकते." तोपर्यंत मला मॅडम म्हणायची, तेव्हापासून ताई म्हणते.

तर मराठीत का लिहीत नाहीत असं विचारणाऱ्या लेखकांना सांगा, नुसत्या श्रीमंत आयांवर लिहाल तर दागिने आणि ट्रिपांचीच पानं भरतील.

दोघींची पोरं यंदा सातवीत आहेत. आरटीईची फी माफी आठवीपर्यंतच असते. मागच्या पालक-शिक्षक मीटिंगला तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "नववीची फी किती हो ताई?" मी आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली, चपला सरकवल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिली, तिचा नंबर आला होता.

- एक आई, ठाणे (पश्चिम)