आमचे नाना गेले, त्यांची तलावांची वही मात्र आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 मे रोजी जलसंधारण दिनानिमित्त तुमच्या पेपरात सुधाकरराव नाईकांवर लेख आला होता, मुख्यमंत्री असताना 1992 साली त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं त्याबद्दल. लेख चांगलाच होता. पण ज्यांनी उन्हातान्हात उभं राहून हे बांध घालून घेतले त्यांच्याबद्दल पण कधीतरी चार ओळी यायला पाहिजेत असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, यंदा एप्रिलमध्ये गेले. लघुपाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झालेले, सगळी नोकरी जलसंधारणाच्या कामांत गेली.

नोकरीला लागले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. माण, खटाव म्हणजे आधीच कमी पावसाचा भाग, त्यात ते वर्ष. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव, एकेका कामावर गावंच्या गावं. खायला बाहेरून आलेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणि सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. नाना तेव्हा ओव्हरसियर. खोदाईचा पगार मापावर, म्हणून खड्ड्याची खोली कळावी यासाठी मधे न खोदलेल्या मातीचा खुंट ठेवायचे आणि त्याच्यावर टेप लावायचा. माती किती लांबून वाहून आणली त्याला लीड म्हणतात, लीड वाढला की दर वाढतो, पण ते अंतर नीट धरलं नाही तर पाटी वाहणाऱ्या बायकांचे पैसे जातात. नाना टेपचं दुसरं टोक त्या बायकांपैकीच एकीच्या हातात द्यायचे आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे मस्टरवर, हजेरी-पगाराच्या कागदावर, काय चढणार ते तिला तिथल्या तिथे कळायचं. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. दहाव्याला आलेल्या एका आजींनी सांगितलं, त्या तेव्हा त्या कामावर होत्या.

पाझर तलावाबद्दल मात्र भरभरून बोलायचे, कारण त्याच्याबद्दल लोकांचा गैरसमज फार. "साहेब, तुमचा तलाव जानेवारीतच कोरडा पडला" असं कुणी म्हटलं की खूश व्हायचे. त्या तलावाला कालवा नसतो, पाटाने पाणी सोडायचं नसतं, साठलेलं पाणी जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना उतरलं पाहिजे. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फार धरत नाही, जे काही मुरतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्येच. त्यामुळे तलाव आटला आणि खाली विहिरींची पातळी टिकून असली तर काम झालं, आणि मे महिन्यापर्यंत तलावात पाणी चमकत असलं तर बहुतेक तळाला गाळ बसून पाझर बंद पडलाय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात लोक मे महिन्यातलं पाणी बघून फोटो काढतात आणि नाना काळजीत पडायचे.

गाळ काढायच्या कामांना त्यांचा पूर्ण पाठिंबा होता, फक्त बांधाच्या पायाजवळ पोकलेन लावू द्यायचे नाहीत, तिथली माती उकरली तर बांधच कमजोर होतो. आणि आधी माथा मग पायथा, वरच्या डोंगरावर चर आणि दगडी बांध न करता नुसता खालचा ओढा रुंद करत बसलात तर पुढच्या पावसात परत गाळाने भरणार, हे त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत सांगितलं, कुणाला आवडो न आवडो. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेच्या वेळी यावरून गावात वाद पण झाले. 2018 ला वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत आमच्या माण तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली तेव्हा पेढे वाटले त्यांनी, म्हणाले बघा, लोकांनी मनावर घेतलं की होतं.

खरा जीव अडकायचा तो सांडव्यात. मातीच्या बांधावरून पाणी कधीच जाऊ द्यायचं नसतं, एकदा वरून वाहायला लागलं की बांध कापला जातो आणि मग थांबवता येत नाही. जादाचं पाणी जायला बाजूला सांडवा असतो. आणि आपले लोक काय करतात, अजून दोन फूट पाणी साठावं म्हणून सांडव्यात दगड आणि वाळूची पोती रचतात. त्यामागची गरज नाना ओळखून होते, कधी कुणावर ओरडले नाहीत, पण दर वर्षी रोहिणी निघाल्या की माझ्या दोन्ही मुलांना घेऊन जवळपासच्या तलावांवर जायचे आणि तिघं मिळून ते दगड काढायचे. बांधावर उगवलेली वेडी बाभूळ लहान असतानाच उपटायचे, कारण झाड मोठं झालं की मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं आणि मग तोडूनही उपयोग नाही, मुळं कुजून आत पोकळी राहते. 2019 ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता गाडी काढून आपल्या जुन्या तलावांचे बांध बघून आले.

घरातले नाना पण तुमच्या वाचकांना कळावेत असं वाटतं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली. नानांनी बाई ठेवायला नकार दिला असं नाही, बाई होतीच, पण वेणी ते स्वतः घालायचे. आधी तेल, मग मधला भांग कंगव्याच्या टोकाने अगदी सरळ, आणि तीन पेडी. सासूबाईंना बोलायला त्रास व्हायचा, तरी घट्ट झाली की डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायच्या आणि नाना सोडून परत घालायचे. सासूबाई गेल्या त्या सकाळीही घातली होती. नोकरीत असताना मुलांच्या वाढदिवसाला घरी नसायचे, साइटवर असायचे, ते सगळं त्यांनी नातवंडांच्या बाबतीत भरून काढलं. मी नोकरी करते, माझा डबा भरून दाराशी ठेवलेला असायचा. सासऱ्याने सुनेचा डबा भरायचा यावर आमच्या गल्लीत बोललं जायचं, त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

मुलीला त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक लावून दिला होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एका हेक्टरवर दहा हजार लिटर, हा हिशोब तिला दुसरीतच पाठ. सकाळी आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. ती अजून लिहिते.

आता मुद्द्याचं. नवीन कामाचं भूमिपूजन झालं की बातमी येते, फोटो येतो. पण बहात्तरपासून बांधलेले असे कितीतरी तलाव महाराष्ट्रभर आहेत, त्यांच्या सांडव्याची भिंत पडलीय, बांधावर बाभळी आहेत, पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले, दगड लोकांनी नेलेत, आणि ही दुरुस्ती कोणी करायची हे विचारलं तर एक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं. नानांनी रिटायर झाल्यावर स्वतःच्या पेन्शनमधून पेट्रोल घालून आमच्या बाजूचे तलाव फिरून एक वही केली. प्रत्येक तलावाला दोन पानं, गाव, सांडव्याची रुंदी, गळती कुठे आहे, गाळ किती, खालच्या अंगाला किती विहिरी, शेवटची दुरुस्ती कधी. शेवटच्या नोंदी गेल्या दिवाळीच्या, अक्षर थरथरलेलं आहे पण आकडे स्पष्ट आहेत.

तुम्ही पाऊस सुरू व्हायच्या आत तालुका पानावर गावोगावच्या तलावांची अवस्था छापा, नुसतं सांडवा मोकळा आहे की नाही एवढं छापलं तरी गावात हालचाल होईल. आमच्या भागासाठी ती वही तयार आहे. मिस्टरांनी तिच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात, तुमच्या तालुका प्रतिनिधीला, कुठल्याही ग्रामपंचायतीला किंवा शेतकऱ्याला हवी असेल तर एक प्रत देऊ, पैसे नकोत. माझा पत्ता पाकिटावर लिहिला आहे, तो छापू नये पण विचारणाऱ्याला जरूर द्यावा.

आपली,
एक वाचक
ता. माण, जि. सातारा