पातळ लॅमिनेटच्या मॉडेलविषयी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

कार्बन-इपॉक्सीच्या पातळ पॅनेलचे (इपॉक्सीत कार्बनचे तंतू बसवलेले थर एकावर एक चिकटवून केलेल्या लॅमिनेटचे) संगणकावरील मॉडेल कोणत्या एलिमेंटने, म्हणजे गणितासाठी पॅनेलचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांच्या कोणत्या प्रकाराने करावे, या माझ्या प्रश्नाला आपण सविस्तर उत्तर दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण याच प्रश्नापाशी अडलेले अनेक तरुण अभियंते मला भेटतात आणि आपले विवेचन त्यांच्याही कामी यावे असे वाटते.

पॅनेल 400 मिमी लांब, 300 मिमी रुंद, 0.125 मिमीचे 16 थर, म्हणजे जाडी 2 मिमी. शेल एलिमेंट (जाडी फक्त आकड्याने सांगितलेला पृष्ठभाग) घ्यावे की सॉलिड (खऱ्या जाडीचा ठोकळा), एवढेच मी विचारले होते. आपण आधी मला विचारलेत, की या पॅनेलविषयी नेमके काय जाणून घ्यायचे आहे: ते किती वाकेल, कोणत्या भाराला त्याचे बकलिंग होईल (ते एकाएकी बाहेर फुगेल), की त्याचे थर एकमेकांपासून कुठे सुटतील? पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नावरून होत गेले.

वाकणे आणि बकलिंग यांसाठी आपण साधे शेल एलिमेंट सुचवलेत. प्रत्येक थराला एक सॉलिड आणि 2 मिमीची मेश (एलिमेंटांची जाळी) धरली, तर 4,80,000 एलिमेंट होतात आणि तरीही प्रत्येकाची लांबी त्याच्या जाडीच्या 16 पट राहते. 5 मिमीच्या शेलमध्ये तेच पॅनेल 4,800 एलिमेंटमध्ये बसते. त्यासोबत आपण शिअरबद्दल (थर एकमेकांवर सरकू पाहण्याबद्दल) दिलेला इशारा मला फार मोलाचा वाटला. धातूमध्ये यंग मॉड्युलस (ओढण्याला होणारा विरोध) शिअर मॉड्युलसच्या (शिअरला होणाऱ्या विरोधाच्या) साधारण 2.6 पट असतो, तर कार्बन-इपॉक्सीमध्ये तंतूंच्या दिशेचा मॉड्युलस सुमारे 140 गिगापास्कल आणि जाडीच्या दिशेतला शिअर मॉड्युलस जेमतेम 5 गिगापास्कल असतो. त्यामुळे धातूच्या पत्र्यात ज्या जाडीला शिअरकडे दुर्लक्ष केलेले चालते, त्या जाडीला लॅमिनेटमध्ये ते चालेलच असे नाही. माझ्या पॅनेलची लांबी जाडीच्या 200 पट असल्याने शिअर न धरणारा अभिजात लॅमिनेट सिद्धान्त पुरला असता. जोडणीजवळच्या आखूड भागासाठी मात्र शिअरही धरणारे राइस्नर-मिंडलिन पद्धतीचे शेल घेणे योग्य ठरले.

खरी अडचण कडेला होती. पाइप्स आणि पगानो यांनी 1970 मध्ये दाखवून दिले, की मोकळ्या कडेजवळ, साधारण लॅमिनेटच्या जाडीएवढ्या पट्ट्यात, थरांच्या मधले ताण एकाएकी वाढतात. समतल ताणाच्या (जाडीच्या दिशेने ताण नाही, या) गृहीतकावर उभे असलेले शेल ते ताण दाखवूच शकत नाही. म्हणून त्या पट्ट्यापुरते सॉलिड घ्यावे, हे आपण सांगितलेत; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथल्या एका बिंदूवरच्या ताणाची पदार्थाच्या बळाशी तुलना करू नये, हेही बजावलेत. वेगवेगळ्या दिशांचे दोन थर कडेला जिथे भेटतात तिथे लवचिक सिद्धान्तानुसार ताण अमर्याद होतो, त्यामुळे मेश जितकी बारीक करावी तितका आकडा वाढत जातो आणि कुठेच स्थिरावत नाही. डिलॅमिनेशनचा (थर सुटण्याचा) निर्णय भंग-ऊर्जेवरून (भेग पुढे सरकायला लागणाऱ्या ऊर्जेवरून), म्हणजे कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधली चिकट जोडणी दाखवणारे एलिमेंट) किंवा भेग मिटवण्याच्या ऊर्जेची पद्धत वापरून घ्यावा आणि कोहेसिव्ह पट्टा (भेगेच्या टोकापुढे ही जोडणी तुटत असते तो भाग) बहुधा मिलिमीटरभराचाच असल्याने त्यात किमान तीन एलिमेंट बसतील एवढी मेश ठेवावी, ही आपली सूचना मी आता प्रत्येक कामात पाळतो.

थरांची संख्या कमी होत जाते त्या भागासाठी आपण सुचवलेले कंटिन्युअम शेलही (सॉलिडच्या आकाराचे, पण शेलसारखे वागणारे एलिमेंट) नीट लागू पडले, कारण त्यात खरी जाडी मॉडेलमध्येच येते आणि संदर्भ पृष्ठ (ज्यापासून शेलची जाडी मोजतात ते) सरकवण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागत नाही. कुठलेही मोठे मॉडेल चालवण्याआधी एका अरुंद पट्टीचे वाकणे डी मॅट्रिक्सवरून (लॅमिनेटचा वाकण्याला होणारा विरोध सांगणाऱ्या सारणीवरून) हाताने काढून पाहावे आणि सममित रचनेत बी मॅट्रिक्स (ओढणे आणि वाकणे यांना जोडणारी सारणी) शून्य येते का हे तपासावे, ही सवयही आपल्यामुळेच लागली. थरांचे कोन चुकीच्या अक्षावरून मोजले गेले असतील तर ते बहुतेक वेळा या पट्टीतच उघड होते.

सध्या काटकोनात वळलेल्या भागाचे काम हाती आहे. वळण उलगडताना थर जाडीच्या दिशेने ओढले जातात, म्हणून वळणापाशी सॉलिड आणि दोन्ही बाजूंना शेल घेतले आहेत. त्यांची सांधणी वळणापासून जाडीच्या काही पट दूर ठेवली आहे. ती पुरेशी दूर आहे का, हे पाहण्यासाठी निकाल लवकरच आपल्याकडे पाठवतो.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी